वाचकांचे प्रश्न : चढावरचं गाव कोव्ह

मागच्या अंकात आयर्लंडच्या कोव्ह गावाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ‘टायटॅनिकचं शेवटचं बंदर’ असा त्याचा उल्लेख करून मी पुढे गेलो, आणि तेवढ्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेकांना गावाचा इतिहास हवा आहे, काहींना फक्त टायटॅनिक. मी इतिहासकार नाही, तेलवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो. कॉर्कच्या बंदरात पूर्वेच्या काठावर व्हाइटगेटचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. आमचं जहाज तिथल्या धक्क्याला लागलं की पाण्यापलीकडे कोव्ह दिसायचं. सुट्टी मिळाली की कॉर्कला जाऊन तिथून रेल्वेने मी तिथे जायचो. त्यामुळे या गावाची माझी ओळख आधी पाण्यावरून झाली, ती सवय उत्तरांत दिसेल.

प्रश्न : गावाचं नाव कोव्ह, कोभ की क्वीन्सटाउन? जुन्या पुस्तकांत तर कोव्ह सापडतच नाही.

उच्चार कोव्ह. ऑगस्ट 1849 मध्ये राणी व्हिक्टोरिया इथे उतरली, तेव्हा तिच्या मानार्थ गावाचं नाव क्वीन्सटाउन झालं. 1920 मध्ये स्वातंत्र्यलढा चालू असताना नगरपरिषदेने जुनं नाव आयरिश लेखनात (Cobh) परत आणलं. टायटॅनिक आणि लुसिटानिया ही जहाजं या मधल्या सत्तर वर्षांतली, म्हणून त्यांच्या कागदपत्रांत सगळीकडे क्वीन्सटाउनच आहे.

प्रश्न : फोटोत घरं एकावर एक चढल्यासारखी दिसतात. एवढ्या उतारावर गाव वसवलंच कशाला? सपाट जागा नव्हती?

सपाट जागा हवी असती तर बेटाच्या आतल्या बाजूला होती. (कोव्ह हे ग्रेट आयलंड नावाच्या बेटावर आहे. रस्त्याने त्यावर यायला 1803 मध्ये बांधलेला बेलव्हेलीचा एकच पूल आहे.) पण या गावाला सपाटीचं काम नव्हतं, पाण्याचं होतं. गावामागे वालुकाश्माचा एक लांबट डोंगर पूर्व-पश्चिम पसरला आहे आणि त्याचा दक्षिणेकडचा उतार थेट पाण्यात जातो. समोर हॉलबोलाइन आणि स्पाइक ही दोन बेटं, त्यांच्यापलीकडे दोन्ही बाजूंनी किल्ल्यांनी आवळलेलं बंदराचं अरुंद तोंड, आणि मग खुला अटलांटिक. आत शिरलेलं जहाज वाऱ्यापासून सुरक्षित, खोली भरपूर. जहाजावरच्या माणसाला हे एका नजरेत कळतं.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे कोळ्यांची किरकोळ वस्ती होती. मग फ्रान्सशी युद्धं सुरू झाली. ब्रिटिश आरमाराला अटलांटिकच्या तोंडाशी एक तळ हवा होता, आणि कॉर्कला खारवलेलं मांस नि लोणी हवं तेवढं मिळत होतं. ताफे इथे जमायचे, शिधा भरून घ्यायचे आणि संरक्षक जहाजांची वाट पाहत नांगर टाकून पडायचे. आठवडे आठवडे थांबलेल्या जहाजांवरची माणसं काठावर उतरणार, खाणार, पिणार, खर्च करणार. गाव वाढलं ते या खोळंब्यावर. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवलं असताना त्याच्यासाठी नेमलेल्या डॉक्टरांपैकी एक, लष्करी डॉक्टर जेम्स रोश व्हर्लिंग, याच गावात जन्मलेला. कोव्हच्या मुलांसमोर तेव्हा कोणती दारं उघडी होती, ते त्यावरून समजतं.

पाण्याकाठची पट्टी लवकरच भरली. मग गाव वर चढू लागलं आणि उंचीप्रमाणे माणसांची प्रतवारी लागली. खाली धक्के, दारूचे गुत्ते, खानावळी. मधल्या टप्प्यांवर व्यापारी नि कंपन्यांचे कारकून. वर, जिथून सगळं बंदर दिसतं, तिथे अधिकाऱ्यांचे बंगले, आणि त्यातही सगळ्यात मोक्याच्या जागी ॲडमिरलचं घर. उतार दक्षिणेकडे असल्याने थंडीतही ऊन मिळे, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयाचे रोगी हवापालटासाठी इथे येऊन राहत. चार्ल्स वुल्फ हा आयरिश कवी 1823 मध्ये इथेच क्षयाने गेला आणि इथल्याच दफनभूमीत आहे.

फोटोतली रंगीत घरं वेस्ट व्ह्यू या गल्लीतली. 1850 च्या सुमाराची, संख्येने 23. गावकरी त्यांना ‘पत्त्यांचा डाव’ म्हणतात, कारण खालचं एक पडलं तर वरची सगळी त्याच्यावर येतील असा विनोद आहे. खाली उभं राहून पाहिलं तर मला तो फारसा विनोद वाटला नाही.

प्रश्न : टायटॅनिकच्या वेळी गावात नेमकं काय झालं? आणि गाव अजून त्याच्यावरच जगतं का?

खरं सांगायचं तर फार काही झालं नाही, आणि मला या प्रश्नाचा थोडा कंटाळा आहे. टायटॅनिक गावाला लागलंच नव्हतं. 11 एप्रिल 1912 रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास ते बंदराच्या तोंडाशी, रोशेस पॉइंटच्या दीपगृहाजवळ नांगर टाकून उभं राहिलं आणि दीडच्या सुमारास निघून गेलं. गावातून 123 प्रवासी दोन छोट्या बोटींनी तिथवर नेले. बोटींची नावं अमेरिका आणि आयर्लंड. या 123 जणांत तिसऱ्या वर्गाचे 113, दुसऱ्याचे सात आणि पहिल्याचे फक्त तीन. टपालाच्या पिशव्या मात्र हजाराच्या वर. व्हाइट स्टार कंपनीची ही जहाजं इथे थांबत त्यात टपालाचा वाटा मोठा होता, हे लोक विसरतात.

मला रस आहे तो उतरलेल्यांत. सात प्रवासी इथे उतरले. त्यांतला एक फ्रान्सिस ब्राउन, पाद्री होण्याचं शिक्षण घेणारा जेझुइट तरुण. त्याचे काका रॉबर्ट ब्राउन इथले बिशप. कॅमेराही त्यांनी दिलेला आणि साउदॅम्प्टन ते क्वीन्सटाउनचं तिकीटही. जहाजावर भेटलेलं एक अमेरिकन जोडपं त्याचा न्यूयॉर्कपर्यंतचा खर्च करायला तयार झालं, तेव्हा त्याने तारेने वरिष्ठांची परवानगी मागितली. उत्तर आलं : त्या जहाजावरून उतर. तो उतरला, म्हणून त्याने काढलेले फोटो उरले. टायटॅनिकवरच्या प्रवासाचे म्हणून जे फोटो आपण पाहतो, त्यांतले कितीतरी त्याचे. आणखी एकजण पळाला, तो इथल्याच मातीतला : जॉन कॉफी नावाचा भट्टीवरचा कामगार टपालाच्या पिशव्यांमध्ये लपून काठावर आला. इंजिनखान्यात काम केलेला माणूस म्हणून सांगतो, कोळशाच्या जहाजाच्या भट्टीसमोरून पळून जावंसं वाटायला हिमनगाची चाहूल लागत नाही.

आज पर्यटन टायटॅनिकवर चालतं, हो. जुन्या व्हाइट स्टारच्या कचेरीत प्रदर्शन आहे, मागे लाकडी धक्क्याचे कुजके खांब आहेत. गंमत म्हणजे टायटॅनिकहून कितीतरी मोठी पर्यटक जहाजं आता रेल्वे स्टेशनशेजारच्या धक्क्याला थेट लागतात.

प्रश्न : दुष्काळात याच बंदरातून लोक अमेरिकेला गेले असं वाचलं. किती गेले आणि गावाने त्यांना मदत केली का?

1848 ते 1950 या काळात आयर्लंड सोडून गेलेल्यांचा आकडा साठ लाखांच्या घरात धरतात, त्यांतले सुमारे 25 लाख या एका गावातून गेले. आजही गावाची वस्ती पंधरा हजारांच्या आत आहे, त्यावरून अंदाज बांधा. बटाट्याच्या रोगाने 1845 पासून पडलेला दुष्काळ ही सुरुवात होती, पण लोंढा दुष्काळ सरल्यावरही थांबला नाही. वाफेवरच्या जहाजांनी प्रवास आठवड्यांवरून दिवसांवर आणला. सिरियस नावाचं छोटं जहाज एप्रिल 1838 मध्ये याच बंदरातून वाफेच्या जोरावर 18 दिवसांत न्यूयॉर्कला पोचलं होतं. कप्तान रिचर्ड रॉबर्ट्स हा शेजारच्या पॅसेज वेस्टचा. 1862 मध्ये रेल्वे थेट गावाच्या धक्क्यापर्यंत आली. मग दूरच्या गावातला पोरगा संध्याकाळी गाडीत बसे आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर असे. निघण्याच्या आदल्या रात्री घरी ‘अमेरिकन वेक’ होई. वेक म्हणजे मयताजवळची जागरणाची रात्र. इथे माणूस जिवंत आणि त्याच्याभोवती रात्रभर नाच, गाणी, रडणं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गावाने मदत केली का? गावाने धंदा केला. जहाज येईपर्यंत प्रवाशांना थांबावं लागे. त्यांच्याकडे घर विकून किंवा अमेरिकेतल्या बहिणीने पाठवलेले पैसे असत आणि त्यांनी आयुष्यात बंदर पाहिलेलं नसे. स्टेशनावर दलाल उभे, ते सामान उचलून आपापल्या खानावळीत नेत. एका खोलीत किती माणसं कोंबायची याला धरबंध नव्हता. यात गावाला वेगळं वाईट म्हणायचं कारण नाही. मी पाहिलेलं प्रत्येक बंदर अडकलेल्या माणसाचा खिसा ओळखतं.

याला भिडली ती शार्लट ग्रेस ओ’ब्रायन. 1848 च्या उठावाचा नेता विल्यम स्मिथ ओ’ब्रायनची ही मुलगी, ऐकू येणं जवळजवळ बंद झालेली. 1881 मध्ये तिने इथे एका जहाजाचा तिसरा वर्ग आतून पाहिला. पुरुष आणि एकट्या मुली यांना झोपायला धड वेगळी जागा नाही हे पाहून तिने लंडनच्या वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि मोठा गदारोळ उडाला. त्यावर न थांबता 1882 मध्ये तिने क्वीन्सटाउनच्या किनारी रस्त्यावर स्वतःच प्रवाशांसाठी वसतिगृह काढलं, शंभरावर माणसांची सोय असलेलं. पहाटे उठून वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर जहाजं तपासायला जायची. खानावळवाल्यांना हे कसं रुचणार? त्यांनी तिच्यावर बहिष्कार घातला, गावातले दुकानदारही त्यात सामील झाले, आणि तिला वाणसामान कॉर्कहून मागवावं लागलं. पुढे ती स्वतः तिसऱ्या वर्गातून न्यूयॉर्कला गेली, तिथे उतरणाऱ्या आयरिश मुलींचं काय होतं ते पाहिलं आणि चर्चच्या लोकांना गाठून त्यांच्यासाठी आसरा उभा करायला लावला. गावात टायटॅनिकच्या पाट्या पावलापावलावर आहेत. या बाईचं नाव मात्र मला विचारत शोधावं लागलं.

प्रश्न : धक्क्यावर एका मुलीचा पुतळा आहे, तिच्याबरोबर दोन मुलगे. ती कोण?

ॲनी मूर, कॉर्कची. बरोबर तिचे धाकटे भाऊ, अँथनी आणि फिलिप. 20 डिसेंबर 1891 रोजी नेवाडा जहाजाने ती इथून निघाली. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांच्या नोंदणीचं नवं केंद्र 1 जानेवारी 1892 रोजी उघडलं तेव्हा नोंदवहीत पहिलं नाव तिचं पडलं आणि तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. तिचा तो पंधरावा वाढदिवस होता असं वर्तमानपत्रांनी छापलं. प्रत्यक्षात ती सतरा वर्षांची होती आणि वाढदिवस एप्रिलमध्ये. पुढची कथा त्याहून नामी : कित्येक वर्षं लोक तिला टेक्सासला जाऊन राहिलेली समजत होते. 2006 मध्ये वंशावळी शोधणाऱ्या मेगन स्मोलेन्याक यांनी दाखवून दिलं, की ती ॲनी मूर दुसरीच. खरी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतून कधी बाहेर पडलीच नाही. तिथेच संसार केला, काही मुलं लहानपणीच गमावली, 1924 मध्ये गेली. तिच्या कबरीवर दगडही नव्हता, तो 2008 मध्ये बसवला. पुतळा 1993 चा, जीन राइनहार्ट यांनी घडवलेला. एलिस आयलंडवरही त्यांचाच एक आहे.

प्रश्न : लुसिटानिया आणि टायटॅनिक यांत गावाच्या दृष्टीने काय फरक?

टायटॅनिकचे मेलेले इथे आले नाहीत, लुसिटानियाचे आले. 7 मे 1915 रोजी दुपारी जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो लागून ते जहाज किन्सेलच्या भूशिराजवळ 18 मिनिटांत बुडालं. सुमारे बाराशे माणसं गेली. कोव्हमधून मिळेल ते निघालं, टग, मासेमारीच्या बोटी, प्रवासी नेणाऱ्या बोटी. पलीकडच्या कोर्टमॅकशेरीची जीवरक्षक बोट तर वाऱ्याअभावी वल्ह्यांनी हाकत नेली. संध्याकाळपासून वाचलेले आणि प्रेतं एकाच धक्क्यावर उतरू लागले. ज्या खानावळींना मी वर बोल लावले, त्यांनीच त्या रात्री भिजलेल्या माणसांना कपडे नि अंथरुणं दिली. जहाजाच्या मालक कुनार्ड कंपनीच्या शेडमध्ये ओळखीसाठी प्रेतं ओळीने ठेवली होती.

10 मे रोजी दफनयात्रा निघाली. गावाबाहेर टेकडीमागे जुनी दफनभूमी आहे, तिथे सैनिकांनी तीन मोठे खड्डे खणले होते. दीडशेहून अधिक माणसं तिथे आहेत, त्यांतल्या कित्येकांची ओळख पटलीच नाही. गावातल्या केसमेंट चौकातलं स्मारक जेरोम कॉनर या शिल्पकाराने सुरू केलं. वर देवदूत, खाली दोन दमलेले कोळी. कॉनर 1943 मध्ये ते अपुरं ठेवून वारला आणि ते पुरं व्हायला 1968 उजाडलं. मला त्यातला देवदूत नेहमीसारखाच वाटतो, पण कोळ्यांचे चेहरे मात्र रात्रभर दोर ओढलेल्यांचे आहेत.

प्रश्न : गरीब गावात एवढं प्रचंड चर्च कुठल्या पैशांतून आलं?

सेंट कोलमनचं कॅथीड्रल 1868 मध्ये सुरू झालं आणि शिखर पुरं झालं 1915 मध्ये. सत्तेचाळीस वर्षं, आणि खर्च सुमारे 2,35,000 पौंड. उतारावर एवढा भार पेलायचा म्हणून पाया घालण्यातच बराच पैसा गेला. वर्गणी गावोगावच्या गरीब लोकांनी दिली, आणि अमेरिका-ऑस्ट्रेलियात गेलेल्यांनीही. आराखडा पुजिन आणि ॲशलिन यांचा, काम संपवलं ते ब्राउनच्या काकांनी, त्याच बिशपांनी. शिखराची उंची तीनशे फूट. व्हाइटगेटवरून तर प्रथम तेच दिसतं, गाव नंतर. आत कॅरिलन म्हणजे बोटांच्या नव्हे तर मुठींच्या ठोशांनी वाजवायच्या 49 घंटांचा संच आहे. 1916 मध्ये त्या 42 होत्या. 1924 मध्ये बेल्जियमहून स्टाफ गेब्रुअर्स हा वादक आला आणि 1970 पर्यंत त्यानेच वाजवल्या, मग त्याच्या मुलाने.

प्रश्न : 1922 मध्ये आयर्लंड स्वतंत्र झालं, मग ब्रिटिश आरमार कोव्हमध्ये 1938 पर्यंत कसं?

स्वातंत्र्याच्या वेळी ब्रिटनशी झालेल्या तहात तसं लिहून घेतलं होतं. कोव्ह, बेअरहेवन आणि लॉक स्विली ही तीन बंदरं ब्रिटनने ठेवून घेतली. कारण ताजं होतं : पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांशी लढाई इथूनच झाली. मे 1917 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या सहा विनाशिका युरोपात आल्या त्या याच बंदरात. (अमेरिकन खलाशांची नि कॉर्कच्या पोरांची इतकी मारामारी झाली की शेवटी त्यांना कॉर्कला जायची बंदी करावी लागली.) म्हणजे सोळा वर्षं असं चित्र होतं, की गाव आयर्लंडचं आणि समोरच्या स्पाइक बेटावर युनियन जॅक. 11 जुलै 1938 रोजी आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा स्वतः बेटावर आले आणि झेंडा बदलला. चर्चिलने याला मूर्खपणा म्हटलं. पण ही बंदरं परत मिळाली नसती तर दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडला तटस्थ राहता आलं नसतं, असं माझं मत आहे.

स्पाइक बेटाचं आणखी एक : दुष्काळाच्या काळात, 1847 पासून, तिथे कैद्यांचा तुरुंग होता, आणि काही वर्षांत दोन हजारांहून अधिक कैदी त्यात होते. भुकेपोटी चोरी केलेलेही त्यांत होते. एकाच पाण्यावरून एकीकडे तिकीट काढून जाणारे आणि दुसरीकडे बेड्यांत जाणारे. टेकडीवरचं ॲडमिरलचं घर 1922 च्या यादवीत जाळलं गेलं. पुन्हा बांधलेल्या त्या वास्तूत आता बेनेडिक्टाइन जोगिणी राहतात.

प्रश्न : एअर इंडियाच्या कनिष्क विमानाचं स्मारक कोव्हला आहे ना? आम्ही तिथे जाऊ इच्छितो.

नाही, स्मारक अहाकिस्ता या गावी आहे, कॉर्क परगण्याच्या पार पश्चिम टोकाला. कोव्हहून निघालात तर पूर्ण दिवस राखून ठेवा. 23 जून 1985 रोजी विमान पडलं, 329 जण गेले, 131 जणांचे देह सापडले. कोव्हशी संबंध आहे तो आरमाराचा. शोधाचं काम समुद्रावर सांभाळणारं आयरिश जहाज एलई ॲशलिंग हे हॉलबोलाइनच्या तळावरचं, म्हणजे गावाच्या अगदी समोरचं. अहाकिस्ताला दर वर्षी 23 जूनला सकाळी प्रार्थना होते. नातेवाईक येतात आणि गावकरीही.

प्रश्न : एका दिवसात कोव्ह पाहायचं तर कसं?

कॉर्कच्या केंट स्टेशनवरून गाडी धरा, पंचवीस मिनिटं लागतात. जाताना उजव्या हाताला बसा, पाणी त्या बाजूला आहे. उतरल्यावर आधी चढ चढून कॅथीड्रलला जा, दुपारपर्यंत पाय थकतात. स्पाइकची बोट खालच्या धक्क्यावरून सुटते, तिकीट आदल्या दिवशी काढा. जुन्या दफनभूमीला बस नेते का ते गावात विचारा, चालत गेलात तर पुन्हा चढ आहे. आणि चामड्याच्या तळव्यांचे बूट घालू नका. वेस्ट व्ह्यूच्या गल्लीत पाऊस पडला की फरशी घसरते.